खळ लावलेली होडी

मला पोहता येत नव्हतं. आजही येत नाही. आणि बायकोला मी सतरा वर्षं सांगत आलो होतो की येतं.

हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मी चौथी शिकलेला माणूस, मला गोष्ट फिरवून फिरवून सांगता येत नाही. ती गेली त्याला आता दोन वर्षं होतील. पाण्यानं नाही गेली, पोटाच्या दुखण्यानं गेली, पलंगावर. पण ती जाईल ही भीती माझ्या छातीत पहिल्यांदा बसली ती पाण्यावर, आणि माझ्याच करणीनं. तेवढंच सांगायचंय.

माझे सासरे महूचे, इंदूरजवळच्या छावणीचे. फौजेत होते, नदीवर तरंगते पूल टाकणाऱ्या पलटणीत. आमच्या समाजात तेव्हा महूला घरटी एक तरी फौजी असायचाच. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही, घर किती खोल्यांचं ते विचारलं नाही. एकच विचारलं, "पोहता येतं का?"

मी इंदूरच्या मिलच्या चाळीतला. आमच्याकडे पाणी म्हणजे नळासमोरची लाइन आणि भांडणं. पण समोर ती चहा घेऊन उभी होती. मी म्हटलं, "येतं की."

"मग ठीक आहे," सासरे म्हणाले. लग्न ठरलं.

पुढे हे खोटं निभावणं काही कठीण गेलं नाही. इंदुरात पोहायला आहे काय? कधी नर्मदेवर सहलीला गेलो तर मी म्हणायचो, सर्दी झालीय, तुम्ही आंघोळी करा, मी कपडे सांभाळतो. दरवेळी मलाच कशी सर्दी होते, हे कोणी विचारलं नाही.

सासऱ्यांनी रिटायर झाल्यावर छावणीच्या भंगारातून एक लाकडी होडी उचलली होती. तीन माणसं बसतील एवढी, मधे डोलकाठी उभी करायची सोय, मागे सुकाणू. तेव्हा ही बारा-तेरा वर्षांची. ते तिला यशवंतसागर तलावावर न्यायचे, शीड कसं बांधायचं, वारा कुठून घ्यायचा, सगळं शिकवायचे. लोक हसायचे, पोरीला काय खलाशी करता का म्हणून. सासरे वारले आणि होडी महूच्या घरामागे लिंबाखाली पालथी पडली. वर्षानुवर्षं पडून राहिली. फळ्यांना चिरा गेल्या, रंग पापुद्रे होऊन उडाला, खाली कोंबड्या अंडी घालायच्या.

मग आमची मिल बंद झाली. आधी तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, दोनाची एक, मग फाटकाला कुलूप. मी बावीस वर्षं सायझिंग खात्यात होतो. सायझिंग म्हणजे मागावर चढायच्या आधी ताण्याच्या सुताला खळ द्यायची. मक्याचं पीठ, चरबी, गोंद, सगळं वाफेवर शिजवायचं. खळ प्यालेलं सूत वाळलं की तारेसारखं होतं, मागावर तुटत नाही. हे एकच काम मला येत होतं, आणि ते मला चांगलं येत होतं.

कुलूप लागल्यावरही मी रोज सकाळी फाटकासमोरच्या टपरीवर जाऊन बसायचो. आम्ही तीसचाळीस जण असू. कोणी म्हणायचं सरकार मिल चालवणार, कोणी म्हणायचं मशीन विकल्या पण. शहरात गच्च्यांवर टीव्हीच्या छत्र्या लागत होत्या, नव्या नव्या मोटारी फिरत होत्या, आणि आम्ही भोंग्याकडे कान लावून बसलेलो. मूलबाळ आम्हाला झालं नाही. घरी ती मशीनवर दुकानाचे परकर शिवायची. एक दिवस मशीन थांबवून म्हणाली, "उद्यापासून फाटकावर जायचं नाही. महूला जायचं."

"काय करायला?"

"दादाला मागे खोली काढायचीय. म्हणतो, होडी उचला नाहीतर फोडून चुलीत घालतो. आपण ती नीट करायची. हात चालतात ना तुमचे अजून?"

"आणि नीट करून काय करू? राजवाड्यासमोर चालवू?"

"यशवंतसागरवर चालवू. या काठावरून त्या काठाला जाऊ. बाबांनी मला कधी पलीकडे नेलं नाही. म्हणायचे, मधे पाणी खोल आहे, बरोबर पोहणारा गडी पाहिजे." आणि माझ्याकडे बघून हसली. "आता आहे ना गडी."

पुढचे दोन महिने महूच्या फेऱ्यांत गेले.

रोज सकाळच्या गाडीनं महूला जायचं, संध्याकाळी परत यायचं. मी मनातून वाट बघत होतो की काहीतरी असं सापडेल की होडी नीट होणारच नाही. तळाची फळी सडलेली निघावी, डोलकाठीला वाळवी लागलेली असावी. एकही गोष्ट अशी निघाली नाही. सासऱ्यांनी लाकूड मजबूत निवडलं होतं. आणि माझे हात असे हरामखोर की एकदा काम हातात आलं की मन काही म्हणो, ते नीटच करायचे. घासून घासून फळ्या कोऱ्या केल्या. दोन फळ्या बदलल्या. ती म्हणायची, "बघा, रंग परत आला तुमच्या तोंडावर." ती भीती होती, रंग कसला!

मग फळ्यांमधल्या फटी भरायची वेळ आली. फटीत सूत ठोसायचं आणि वरून डांबर मारायचं, हे ठरलेलं. ती म्हणाली, "बाबा सूत जवसाच्या तेलात भिजवायचे."

आता सुताबद्दल मला कोणी शिकवणार? बावीस वर्षं मी सूतच बघितलेलं. मी म्हटलं, "तुझे बाबा पूल बांधायचे. सूत माझ्यावर सोड." चुलीवर पातेलं ठेवलं, मक्याचं पीठ आणलं, चरबी, गोंद, आणि अस्सल सायझिंगची खळ शिजवली. मेहुण्याची बायको नाक धरून पळाली. मला मात्र त्या वासानं इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. सगळं सूत त्या खळीत बुडवलं, वाळवलं, काठीसारखं कडक झालं तेव्हा हातोडीनं फटीफटीत ठोकलं. वरून डांबराचा पातळ हात. दिवाळीला मिलमधून मिळालेलं कोरं कापड घरी होतं, तिनं त्याचं तिकोनी शीड शिवलं. त्यालाही मी खळ दिली. वाजवलं तर पत्र्यासारखं वाजायचं.

अंगणात होडी सरळ केली आणि आत दहा बादल्या पाणी ओतलं. पाव तास बसून राहिलो. खाली एक थेंब नाही. मेहुणा म्हणाला, "जीजाजी, कमाल केली भिया." मी फुगलो. खळ ओली झाली की आधी फुगते, फट गच्च बुजवते, हे मला माहीत होतं. त्याच्यानंतर तिचं काय होतं, हे पण माहीत होतं. कापड कोरं असतं तेव्हा धुलाई खात्यात पहिलं काम हेच करतात, पाण्यात घालून खळ काढून टाकतात. ते खातं आमच्या भिंतीला भिंत लागून होतं. पण माणूस आपल्याच हुशारीवर खूश असला की त्याला बाजूचं खातं दिसत नाही.

दिवाळी झाल्यावर एक दिवस टेम्पोत होडी घालून आम्ही तलावावर पोचलो. तिनं डब्यात पोळ्या, बटाट्याची भाजी आणि कैरीच्या लोणच्याची आख्खी बरणी घेतली होती. वारा मंद होता. पलीकडचा काठ म्हणजे नुसती एक हिरवी रेघ. काठावर मासे पकडणारे दोघंतिघं होते. एक जण म्हणाला, "क्यों भिया, दूसरी शादी की बारात जा रही है क्या?"

"पहलीच निपट नहीं रही," ती म्हणाली. सगळे हसले. मला हसू येईना.

त्यातल्या म्हाताऱ्यानं होडीच्या फळ्यांवरून हात फिरवला आणि तिला म्हणाला, "बहनजी, सूखी लकडी है. दो दिन किनारे पे पानी पीने दो, फिर बैठना."

ती लगेच माझ्याकडे वळली. "बरोबर आहे त्यांचं. बाबा पण ठेवायचे. दोन दिवस बांधून ठेवू?"

तेव्हा मी हो म्हटलं असतं तर हे लिहायलाच नको होतं. पण दोन महिने जो घाबरलेला असतो त्याला आणखी दोन दिवस घाबरायचं नसतं. काय व्हायचं ते एकदाचं होऊन जाऊ दे, असं त्याला होतं. मी म्हटलं, "दहा बादल्या पाणी ओतून बघितलंय. माझ्या कामावर भरवसा नाही का?"

"भरवसा नसता तर निघाले असते का?" ती म्हणाली, आणि पदर खोचून होडीत चढली.

पहिला अर्धा तास ती जशी दिसली तशी मी तिला कधी बघितली नव्हती. एका हातात सुकाणू, दुसऱ्यात शिडाची दोरी, आणि तोंडानं मला हुकूम. "डावीकडे सरका. डोकं खाली. अहो, दोरीवर पाय आहे तुमचा!" चाळीशीची बाई, पण आवाज सासऱ्यांचा. शीड फुगलं, होडी एका अंगाला कलली, आणि मी दोन्ही हातांनी काठ असा धरला की नखं पांढरी झाली. ती म्हणाली, "वल्हं घ्या ना हातात." मी म्हटलं, "घेतो, घेतो." हात सुटेचना.

मग पायाला गार लागलं. बघितलं तर तळाशी पाणी. थोडंसंच होतं. म्हटलं, उडालं असेल. तुपाच्या रिकाम्या डब्यानं उपसलं. परत आलं. परत उपसलं. तिसऱ्यांदा डबा बुडवला तेव्हा नीट बघितलं. पाणी पांढरं होतं, तांदूळ धुतल्यासारखं. नाकाशी नेलं. वास आमच्या खात्याचा.

"अगं, पाणी पांढरं आहे."

"मग?"

"खळ आहे. माझी खळ विरघळतेय."

तिनं खाली बघितलं, मग मागच्या काठाकडे, मग पुढच्या. आम्ही मधोमध होतो. "म्हणजे सगळ्या फटी उघडणार?"

"सगळ्या."

शिडावरही पाणी उडून उडून खळ निघत होती. कापड ओल्या चादरीसारखं लोंबायला लागलं. ती तरी शांत. म्हणाली, "घाबरू नका. अगदी उलटलीच तर मला चार हात मारता येतात, पुढचं तुम्ही धरा. बाबांनी बघूनच दिलंय मला."

मला वाटलं, आता गप्प बसलो तर ही माझ्या भरवशावर पाण्यात जाईल. मी म्हटलं, "मला पोहता येत नाही."

"काय?"

वाऱ्यात तिला ऐकू गेलं नव्हतं. ते मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं. ओरडून. "मला पोहता येत नाही!"

ती बघतच राहिली. "कधीपासून?"

"जन्मापासून."

तिच्या तोंडावर त्या वेळी जे होतं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. राग नंतर आला. आधी तिनं पाण्याकडे बघितलं, चारी बाजूंनी, जसं काही ते तिला आत्ताच दिसलं. तिच्याबरोबर होडीत कोणी नाही, असं तिला त्या क्षणी कळलं. मग लोणच्याची बरणी माझ्या अंगावर ढकलली.

"पंचा फाडा. चिंध्या करा. तेलात बुडवा आणि ठोसा."

"लोणच्याच्या तेलात?"

"मग तुमच्या खळीत ठोसू? फाडा!"

मी खांद्यावरचा पंचा फाडला, लोणच्याच्या तेलात चिंध्या भिजवल्या आणि चमच्याच्या दांड्यानं एकेक फटीत कोंबायला लागलो. हळद-तिखटानं बोटं जळत होती. एक फट भरावी तर बाजूची पाझरायची. पाणी घोट्यापर्यंत आलं. मी एका हातानं उपसत होतो, एका हातानं कोंबत होतो, आणि मनात एकच चाललं होतं, हिला कसं वाचवायचं, हिला कसं वाचवायचं. आणि उत्तर हेच, की मला वाचवता येत नाही. तिनं ते लोंबकळणारं शीड असं काही ओढून धरलं की जेवढा वारा होता तेवढा त्यात अडकला. तिच्या तळव्यातून रक्त येत होतं. सगळ्या वेळात ती दोनच शब्द बोलली. "उपसा," आणि "ठोसा."

पलीकडे काठाजवळ कमळांचं रान लागलं. होडी त्यात शिरून अडकली. तिनं देठांचे जुडगे धरधरून होडी पुढे ओढली, मी वल्ह्यानं ढकलली, आणि शेवटी तळ चिखलाला लागला. ती उतरली, दहा पावलं गेली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. मी जवळ गेलो तर हात वर करून म्हणाली, "तिथंच थांबा."

काठावर कमळगट्टे, म्हणजे कमळाच्या बिया काढणाऱ्या लोकांची चार घरं होती. एका म्हातारीनं आम्हाला ओसरी दिली. तिनं आम्हाला एकदा बघितलं आणि बायकोला विचारलं, "झगडा हुआ क्या बेटी?"

"नहीं माँजी, पहचान हुई," ती म्हणाली.

दोन दिवस आम्ही तिथं राहिलो. होडी पालथी केली, माझं सगळं खळीचं सूत ओढून काढलं, बायकोनं म्हातारीकडून जुनं लुगडं आणि जवसाचं तेल घेतलं, लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या आणि मी परत सगळ्या फटी भरल्या. मी विचारलं, "तुझे बाबा तेल किती वेळ मुरू द्यायचे?"

"बाबांचं नाव काढायचं नाही."

मग होडी काठाशी पाण्यात बांधून ठेवली, लाकूड पाणी प्यायला. आता करायला काही उरलं नाही. ती बांधावर बसायची, मी ओसरीवर. ती आता परत आपल्या घरी येईल की महूच्या घरी जाईल, हे मला कळेना. विचारायची हिंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी न राहवून जवळ जाऊन बसलो. म्हटलं, "तेव्हा खरं बोललो असतो तर तुझ्या बाबांनी तुला दिली असती का?"

"नसती दिली."

"मग मी काय करायचं होतं?"

"मला विचारायचं होतं. मी तिथंच ट्रे धरून उभी होते." मग म्हणाली, "लग्नाआधीचं एक वेळ सोडा. काल काठावर तो म्हातारा सांगत होता, मी विचारत होते. तेव्हा तरी सांगायचं. तुम्ही मला बुडवायला निघाला होता, लाज वाटली म्हणून."

मी उठून परत ओसरीवर गेलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं होडीच्या आत हात फिरवला. कोरडी होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "वरच्या रस्त्यावरून इंदूरची बस जाते. तुम्ही बसनं या. मी होडीनं जाते."

"एकटी?"

"एकटीच आले होते."

चढ चढून रस्त्यावर गेलो. तिथून सगळा तलाव दिसत होता. ती शीड बांधत होती, एवढी एवढीशी. बस लवकर आली. कंडक्टर दारातून ओरडला, "चलो, चलो, इंदौर, इंदौर!" मी दांडी धरली, एक पाय पायरीवर ठेवला. आत जागा होती. वर चढलो तर तासाभरात मी माझ्या खोलीत असतो, आणि ती पाण्यावर असती, आणि मला तिथं बसून काहीच कळलं नसतं. कंडक्टर म्हणाला, "अरे काका, अंदर आओ या छोडो." मी सोडली.

उतारावरून पळत खाली आलो. पळालो म्हणजे घसरलोच. तोवर तिनं होडी सोडलेली. वीसेक हात आत गेली होती. मी हाक मारली. तिनं बघितलं, शीड ढिलं सोडलं, होडी थांबवली. पण काठाकडे वळवली नाही. तिथंच थांबून राहिली.

मला समजलं. यायचं तर मी यायचं.

मी पाण्यात शिरलो. गुडघ्यापर्यंत ठीक होतं. मांड्यांपर्यंत आलं तशी कमळांची देठं पायांत गुंतायला लागली, खाली चिखल पाय ओढत होता. कमरेच्या वर आलं. आयुष्यात कधी एवढ्या पाण्यात उभा राहिलो नव्हतो. परत फिरावं असं प्रत्येक पावलाला वाटलं, खोटं कशाला सांगू. छातीला लागलं तेव्हा मी थांबलो. पुढचा पाय टाकायला खाली काही सापडेना. होडी अजून दोन हात लांब.

"पुढे खोल आहे," मी म्हटलं. "मला येत नाही."

"ठाऊक आहे," ती म्हणाली, आणि वल्हं माझ्याकडे लांब केलं.

मला वर घेताना होडी अशी कलली की दोघंही जाणार होतो. मी तळाशी आडवा पडलो, नाकातोंडात चिखल, दात वाजत होते. ती सुकाणूवर जाऊन बसली, शीड ओढलं. बऱ्याच वेळानं तिनं माझ्या पायांकडे बघितलं.

"चपला घालून आलात पाण्यात?"

मी बघितलं. एकच होती.

ती हसली नाही. पण पायानं तुपाचा डबा माझ्याकडे सरकवला. होडीत पाणी अजिबात नव्हतं. तरी पलीकडच्या काठाला लागेपर्यंत मी तो डबा दोन्ही हातांत धरून तळाच्या फटींकडे बघत बसलो होतो.